बरोबरीत सुटलेला डाव

पट मांडताना लघाटे काळा राजा सगळ्यांत शेवटी ठेवत. आधी त्याला डोळ्यांसमोर धरून म्हणत, "आइए साहबजी, बसा." साहबजी म्हणजे आमच्या कारखान्यातले विभागप्रमुख. भांडारातली तांब्याची तार लघाट्यांनी चोरली, असा आळ त्यांनी सगळ्यांसमोर घेतला होता. तार दुसऱ्याच गोदामात सापडली. माफी मात्र कोणी मागितली नाही.

"माफी नकोच मला," लघाटे म्हणत. "चार माणसांत हरवीन. बस."

त्यांचं घराणं झाशीत पिढ्यान्‌पिढ्यांचं; मी नोकरीपायी नागपूरहून आलेला. दर रविवारी सीपरी बाजारातल्या त्यांच्या घरी मी साहेब होऊन काळी मोहरी खेळायचो. कारखान्याच्या स्पर्धेत साहेब दरवर्षी पहिले. त्यांच्यासाठी लघाट्यांनी दोन वर्षं एकच सुरुवात घोटली: दुसऱ्याच चालीला उंटापुढचं प्यादं फुकट द्यायचं, समोरच्यानं ते मारलं की राजावर तुटून पडायचं.

"काए जोशी, साहबजी खाए बिना मानेंगे?" ते हसत. "फुकटचं कधी सोडलंय त्यांनी?"

स्पर्धेतल्या साहेब-लघाटे शेवटच्या फेरीच्या आठवड्यात माझ्या बदलीचा हुकूम आला. बायको अंथरुणाला खिळलेली. बदली थांबवा म्हणायला मी साहेबांना भेटलो. त्यांनी सहज विचारलं, "लघाटे की क्या तैयारी है?" मी सगळं सांगितलं.

फेरीत लघाट्यांनी प्यादं पुढे केलं. साहेबांनी त्याला हातही लावला नाही. मोहऱ्यामागून मोहरं अदलाबदलीत संपवत त्यांनी पट ओसाड केला आणि डाव बरोबरीत सोडवला. अर्ध्या गुणानं करंडक त्यांचाच. हरवीनच म्हणणाऱ्या लघाटेबाबूंनी बरोबरी केली म्हणून कँटीनमध्ये कुणी तरी म्हणालं, "बाबू बिक गया." ते लघाट्यांना निवृत्तीपर्यंत चिकटलं. माझी बदली रद्द झाली.

पुढच्या रविवारी त्यांनी मला बोलावलं. सुरुवात तीच. एका चालीत माझ्यावर मात होणार, तोच त्यांनी हात पुढे केला. "बरोबरी, जोशी." मग दर रविवारी हेच, वर्षानुवर्षं. हरूसुद्धा दिलं नाही त्यांनी मला.

गेल्या हिवाळ्यात, दवाखान्यात त्यांच्या खाटेपाशी, मी अखेर कबुली दिली.

"मला काय सांगता? त्याच दिवशी समजलं होतं. माझा बेत आपल्या दोघांनाच ठाऊक होता."

मी पाय धरायला वाकलो. त्यांनी पाय ओढून घेतले.

"जिन लोगों में मैं बिका, उनमें बोलो. मी जिवंत आहे तोवर."

मी धीर गोळा करत राहिलो आणि ते गेले.

म्हणून आता लिहितो: त्या डावात विकला गेला तो मी, अनंत जोशी. विकत घेणारे साहेब अजून हयात आहेत. याची पहिली प्रत त्यांना पाठवली आहे. दुसरी साहेबांच्याच नातवंडांना.