पोरीला फिट येते

इंग्रजांनी जाताना या देशात जी भाषा मागे ठेवली, तिच्यातला एकच शब्द आमच्या घरमालकांनी स्वतःकडे ठेवून घेतला आणि उरलेली सगळी भाषा मला शिकवायला सोडून दिली. तो शब्द म्हणजे ‘फिट’. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, हा त्यांना माझ्यातला दोष वाटतो. पण भाडेकरूत एखादा दोष असायचाच, अशा उदार मनाने ते तो पोटात घालतात. मूळचे ते जवळच्या शेलार गावचे. शेतावर गोदामं उभी राहिली आणि शेतकऱ्याचा शेठ झाला. भिवंडीत निजामपुऱ्यातल्या ज्या इमारतीत मी वरच्या मजल्यावर राहतो, तिच्या तळमजल्यावर त्यांचे माग खडखडतात. ते नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत असतात. गल्लीत उडणारं कापसाचं तूस अंगावर बसलं तरी दिसू नये, एवढी दूरदृष्टी त्या पोशाखात आहे.

मी जागा बघायला आलो तेव्हाच या शब्दाची आणि माझी गाठ पडली. “धा फिट बाय बारा फिटची खोली हाय, मास्तर. तुमी चौघं फिट बसाल,” ते म्हणाले. माणसं फिट बसतात आणि खोलीही फिटांतच मोजतात, हा योग मला तेव्हा शुभ वाटला. राहायला आल्यावर कळलं, की चौघं बसतो हे खरं, पण चौघांनाही एकाच वेळी झोपायची इच्छा होता कामा नये. मोटर बिघडली की ते ‘फिट करनारा’ पाठवतात. तो आला की मोटर फिट होते आणि पाणी बंद होतं. नगरसेवकाचा विषय निघाला की “त्याला मी फिट केलाय” असं सांगतात. त्या माणसाला यांनी आपल्या बाजूला वळवलंय, अडकवलंय की भिंतीला स्क्रूने बसवलंय, हे मला आजतागायत उमगलेलं नाही. टेम्पोच्या फिटनेसची तपासणी करून आल्यापासून तर त्यांनी आख्ख्या नात्यागोत्याला तोच नियम लावला. मेहुणे अनफिट, धाकटे साडू अनफिट, सासरे होते तोवर फिट. डॉक्टरांनी त्यांचं रक्त तपासून गोड, तेलकट आणि मटण असं सगळंच बंद करायला सांगितलं, त्या दुपारी मटणाचा शेवटचा रस्सा भाकरीने पुसून घेत ते म्हणाले, “डाक्टर काय बी सांगतो. आपन फिट हाय.”

एकदा त्यांनी आमच्या शाळेला पंखे दिले. त्याची शिक्षा म्हणून आम्ही त्यांना बक्षीस समारंभाचे पाहुणे केलं. भाषण थोडक्यात झालं. “पोरांनो, अभ्यास डोक्यात फिट करा, बॉडी फिट ठेवा, आनि एक ध्यानात ठेवा, आयबापाचं ऋन कधी फिटत न्हाय.” टाळ्यांचा कडकडाट झाला. इंग्रजी आणि मराठीचा असा संगम घडवून ते खाली बसले आणि त्याची फळं मी भोगली. दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीने विचारलं, “सर, ऋण फिटलंचं स्पेलिंग काय?”

हे सगळं हसण्यावारी जात होतं. मग त्यांच्या मुलीचं, दर्शनाचं लग्न ठरलं.

दर्शना शांत आणि हुशार मुलगी. एका गोदामाच्या ऑफिसात नोकरी करायची. मुलगा अंबाडीचा. वडिलांचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान होतं आणि मुलगा तेच बघायचा. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. रोज फोनवर बोलायचे, हे जिन्यात माझ्याही कानावर यायचं. साखरपुड्याच्या आधी मुलाने मापाला म्हणून एक अंगठी पाठवली. ती बरोबर बसली. आनंदाच्या भरात घरमालकांनी मागांच्या खडखडाटातच उभं राहून व्याह्यांना फोन लावला. मी तेव्हा शेजारीच उभा होतो आणि मला एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं.

“शेठ, पोरीला फिट येते. हां, फिट येते. एकदम फिट.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

“काल सांजच्याला पयल्यांदा आली. मंग राती परत पायलं, परत आली.”

पुन्हा काहीतरी.

“न्हाय, न्हाय, लपवायचं कशाला? आख्ख्या आळीला म्हायती हाय. आता जन्मभर अशीच ऱ्हानार.”

फोन ठेवून ते मला म्हणाले, “मानूस साधा हाय. आयकून गप्पच झाला.”

तो माणूस गप्पच राहिला. पुढच्या आठवड्यात मध्यस्थ येऊन, त्यांच्याकडचे नको म्हणतात, एवढंच सांगून चहा न घेता निघून गेला. दर्शनाने त्याच दिवशी त्या मुलाचा नंबर ब्लॉक केला आणि नेहमीच्या वेळेला ऑफिसला गेली. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं तिची आई माझ्या बायकोला म्हणाली. घरमालकांचा आवाज मात्र बसला. मोटर बिघडली तरी ते वर आले नाहीत. आणि एका दुपारी अचानक येऊन म्हणाले, “मास्तर, अंबाडीला चला. मी काय तरी वाकडं बोलंन. तुमी सोबत बसा.”

अंबाडीला मुलाच्या वडिलांनी आम्हाला आदराने बसवलं. पाणी आलं. मग तेच म्हणाले, “शेठ, तुमी खरं सांगितलंत त्याचं मना लई वाटलं. दुसऱ्यानं लपवलं असतं. पन माझा एकुलता पोरगा हाय.”

“काय खरं सांगितलं मी?”

“पोरीला फिट येते म्हनून.”

घरमालकांनी माझ्याकडे पाहिलं. मग मुलाच्या वडिलांकडे. “आवो, मी अंगठीचं सांगत व्हतो,” ते हळू म्हणाले.

“कुठली अंगठी?”

दारात मुलगा उभा होता. “मी पाठवली होती, बाबा. मापाला. तुम्हाला सांगायचं राहिलं.”

मग मुलाचे वडील हसायला लागले, हसता हसता त्यांना खोकला लागला, त्यांनी आतून पेढे मागवले. मीही हसलो. घरमालक तेवढे हसले नाहीत. पेढा हातात धरून ते म्हणाले, “आनि खरंच येत असती त?”

“आता तो इषयच कुठं ऱ्हायला, शेठ?”

“न्हाय, पन येत असती त?”

वडिलांनी नजर खाली घातली. उत्तर मुलाने दिलं. “मला हे कळलं तोवर नकार गेला होता. मी भिवंडीला डॉक्टरांकडे जाऊन आलो. गोळ्या नीट घेतल्या तर माणसं सगळं करतात म्हणाले. मी लग्न करणारच म्हटलं. त्यावरनं या घरात बोलणं बंद आहे. दर्शनाला फोन लावतोय, तर तिचा लागत नाही.”

घरमालक उठले. काहीतरी मोठं बोलतील म्हणून मी सावध झालो. त्यांनी नुसता त्या मुलाचा खांदा धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

दर्शनाचं लग्न पुढे थाटात झालं. त्याच्या जेवणाबद्दल भिवंडी ते वाडा या रस्त्यावर कोणालाही विचारावं. मला मात्र आठवते ती त्या दिवशीची परत येतानाची वाट. शेलार आलं तशी त्यांनी गाडी गावात वळवली आणि एका बैठ्या घरापुढे थांबवली. उतरायच्या आधी, समोर बघतच म्हणाले, “हितं माझी थोरली बहीन ऱ्हाते. तिला लहानपनी झटके यायचे. जमलेलं लग्न मोडलं. मंग गोळ्यांनी बंद झाले, पन परत कोन आला न्हाय. आय लवकर गेली. मना वाढवला तो हिनंच.”

इतकी वर्षं त्यांच्या घरात राहून ही बहीण असल्याचं मला ठाऊक नव्हतं.

म्हातारी ओटीवर ताट घेऊन भिजवलेले वाल सोलत बसली होती. ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी अंबाडीचं सगळं सांगितलं, मुलगा काय म्हणाला तेही. ती हात न थांबवता ऐकत होती.

“पोरगा बरा हाय?” तिने विचारलं.

“बरा हाय, बाय.”

“मंग तू डोळं कशाला पुसतंस?”

ते फतकल मारून खाली बसले, ताट जरासं स्वतःकडे ओढलं आणि वाल सोलायला लागले. त्या जाड बोटांत एकही दाणा धड राहीना.

“मोडतंस सगळं. ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. पण ताट काही तिने मागे ओढलं नाही.