पहिल्या पंगतीतला जावई

वलगावच्या पुढे, चांदूर बाजारकडे जाणाऱ्या रस्त्याला, माझ्या एका सहकाऱ्याच्या घरचं शेत आहे. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर आणि बांधाच्या कडेने थोडा झेंडू. दर हिवाळ्यात एका रविवारी अकोल्याहून माझी धाकटी बहीण, तिचा नवरा आणि मुलगा येतात आणि आम्ही सगळे त्या शेतात रोडगे करायला जातो. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. माणशी दोन, जावयाला, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला, तीन, असा आमचा हिशोब. कणीक मीच मोजून घेतो.

तीन मुलं होती. माझी मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चारचा आणि अकोल्याचा भाचा सातचा. मोठ्यांचा विस्तव पेटला तशी तीही कुंपणापाशी आपली चूल मांडून बसली. मुलीने चिखलाचे रोडगे वळले, वडाची पानं ताटं म्हणून मांडली. मी पाणी आणायला विहिरीकडे गेलो तेव्हा ती भाच्याला म्हणत होती, "घ्या ना, लाजता काय?" मला हसू आलं. मी बायकोला सांगितलं, तीही हसली. त्यापलीकडे आम्ही कोणी तिकडे पाहिलं नाही. मुलं नजरेसमोर होती, विहिरीपासून लांब होती, विस्तवापासून लांब होती. माझ्या मनातल्या धोक्यांच्या यादीत एवढंच होतं.

जेवायला आधी पुरुष आणि मुलं बसली. बायका मागून, हे आमच्याकडे अजून तसंच आहे. शेतातही आहे. बायको जावईबापूंच्या ताटाशी रोडगा घेऊन उभी राहिली. ते ताटावर हात आडवा धरून म्हणाले, "वहिनी, पोट फुटन माझं."

"फुटत नाई. मागच्या वर्षी चार खाल्ले तुमी."

"मागच्या वर्षी मी जवान होतो."

"मग आता तर खायलेच पाहिजे," बायको म्हणाली आणि हाताच्या फटीतून रोडगा ताटात टाकला. सगळे हसले. दोघा पोरांनी मात्र त्या दिवशी अर्धा अर्धा रोडगा टाकून दिला. ऊन लागलं असेल असं आम्ही म्हटलं.

सोमवारी शाळा असल्यामुळे बहिणीची गाडी जेवणानंतर लगेच निघाली. आम्ही भांडी गोळा करत होतो. तेवढ्यात मुलाने उलटी केली. तूप जास्त झालं असेल म्हणून मी त्याला पाणी दिलं. ते पाणीही बाहेर आलं आणि त्यासोबत पांढरे, चावलेले तुकडे. रोडगा तसा नसतो.

"काय खाल्लं रे?" बायकोने विचारलं.

"बदाम."

"कोणते बदाम?"

त्याने कुंपणाकडे बोट दाखवलं.

सहकाऱ्याची आई धावत गेली आणि तिथूनच ओरडली, "अवो बाई, चंद्रज्योत खाल्ली लेकरानं!"

वऱ्हाडात शेताला कुंपण म्हणून चंद्रज्योत लावतात, कारण जनावर तिला तोंड लावत नाही. फळ वाळलं की आत काळ्या बिया निघतात. त्या फोडल्या की पांढरा गर असतो, चवीला गोडसर. पोरं भुलतात आणि मग दवाखान्यात भरती होतात, हे मी पेपरात वाचलेलं होतं. वाचलेलं सगळं त्या कुंपणाशेजारी उभं असताना आठवलं नव्हतं.

म्हातारी मिठाचं पाणी कालवून आली. "पाजा याले. सगळं बाहेर पडते." बायकोने मुलाला मांडीवर घेऊन तोंड उघडायलाही लावलं होतं. मी आमच्या मुलांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, मुद्दाम उलटी करवू नका, मीठ तर अजिबात नको, बिया सोबत घ्या आणि लगेच या. मी म्हातारीच्या हातातला गिलास बाजूला ठेवला. तिला वाईट वाटलं असेल. तेव्हा ते पाहण्याची वेळ नव्हती.

गाडीत बायको मागे मुलाला घेऊन बसली, मुलगी माझ्या बाजूला. रस्त्याला उसाच्या रसाच्या गाड्या, रविवारचे लोक, बैलबंड्या. मला वेग वाढवता येत नव्हता. डॉक्टर पहिला प्रश्न किती बिया हाच विचारतील हे मला ठाऊक होतं, म्हणून मी मुलीला विचारलं.

"किती खाल्ल्या त्याने?"

"दोन."

"नक्की दोन?"

"पाच."

"दोन की पाच?"

ती रडायला लागली. "मले नाई माईत, बाबा."

"तू खाल्ल्या का?"

"नाई."

"खरं सांग. मी रागावत नाही."

"नाई खाल्ल्या म्हणते ना!"

"असं कसं? तू तिथेच बसली होतीस, मोजल्या नाहीत?"

"पुरे करा तुमचा हिशोब," मागून बायको म्हणाली. "लेकरू हातापायानं ढिलं पडून राहिलं आणि तुमी तिची परीक्षा घेऊन राहिले. गाडी चालवा."

मुलाने परत उलटी केली. बायकोने पदराने त्याचं तोंड पुसलं आणि बहिणीला फोन लावून तो स्पीकरवर टाकला. बहिणीच्या गाडीने बडनेरा मागे टाकलं होतं. मी काय झालं ते सांगितलं आणि म्हटलं, भाच्याला विचार.

तिकडे थोडी कुजबुज झाली. मग जावईबापूंचा आवाज आला. "तो म्हणते नाई खाल्ल्या. मस्त बसून आहे तो."

"तरी एकदा दाखवून घ्या. परत फिरा, आम्ही दवाखान्यातच चाललो आहोत."

"साळेबुवा, पोरगं नाई म्हणून राहिलं ना? त्याले काई होऊन नाई राहिलं. तुमी तुमच्याकडे लक्ष द्या. आमी पोचून फोन करतो."

त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो. पण सात वर्षांचा मुलगा बापासमोर, गाडीत बसून, कुंपणातलं खाल्लं हे कबूल करेल का, याचा विचार त्यांनी केला नाही. मीही तेव्हा केला नाही. समोर शहरातल्या गाडगेनगरची गर्दी होती.

दवाखान्यात मुलाला लगेच आत घेतलं. परिचारिकेला शीर सापडेना. एक हात झाला, दुसरा हात झाला. तो आधी ओरडला, मग ओरडायचा थांबला, आणि ते थांबणं जास्त वाईट होतं. डॉक्टरांनी वजन विचारलं. ते मला माहीत होतं, चौदा किलो. मग त्यांनी विचारलं, "बिया किती?"

"दोन ते पाच," मी म्हणालो.

"मोजल्या होत्या?"

"नाही."

"मग माहीत नाही म्हणा. मी आकड्यावर नाही, मुलाकडे पाहून सलाईन देणार आहे. सोबत अजून कोण होतं?"

मी सांगितलं. मुलगी बाहेर बाकावर आहे, ती खाल्ल्या नाहीत म्हणते. भाचा अकोल्याच्या रस्त्यावर आहे, तोही नाही म्हणतो.

"सगळी नाहीच म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "मुलीला बसवून ठेवा, लक्ष ठेवा. त्या मुलाला जो दवाखाना जवळ असेल तिथे न्यायला सांगा. वाट पाहू नका."

मी बाहेर आलो. मुलगी बाकाच्या टोकावर, चिखलाचे हात मांडीखाली दाबून बसली होती. मी काही विचारायच्या आधी तीच बोलली.

"बाबा, अकोल्यावाल्या भाऊले पण होईल का असं?"

"त्याने खाल्ल्या का?"

तिने हात मांडीखाली आणखी दाबले. मी परत 'किती' म्हणणार होतो, पण गाडीतलं आठवलं. मी शेजारी बसलो आणि विचारलं, "तुम्ही काय खेळत होते?"

"रोडग्यांची पार्टी."

"कोण कोण होतं त्यात?"

"आपलावाला सासरा. अकोल्यावाला जवाई. मी स्वयंपाकवाली."

"मग?"

"मग मातीचे रोडगे खोटे खोटे खायचे होते. बदाम खरे. मी दगडानं फोडून देत होती."

"आणि तू?"

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मला एवढंही कळत नाही. "मी मागून बसणार होती ना. मग आईनं जेवायले हाक मारली."

म्हणून ती वाचली होती. मला त्याचं बरं वाटलं आणि त्याच क्षणी पुढचं कळलं.

"जावयाला वाढलंस का परत?"

"जवायाले तर आग्रह करावाच लागते. तो नाई नाई म्हणे. हात आडवा धरे. मी टाकत जाये. त्यालेच जास्त वाढल्या, बाबा. आपलावाला तर थोडेसेच खाऊन पळाला होता."

मी उठून फोन लावला. बहिणीने उचलला. मी म्हणालो, "स्पीकर लाव." आणि मुलीने सांगितलं ते तसंच्या तसं सांगितलं. जावईबापू म्हणाले, "पोरीचं ऐकून काय..." आणि वाक्य अर्धं सोडलं. मी म्हणालो, "जावईबापू, दुपारी तुम्ही किती वेळा नाही म्हणाले आणि किती रोडगे खाल्ले?"

मग बहीण मागे वळून मुलाशी बोलल्याचं ऐकू आलं. 'खाल्ल्या का' असं तिने विचारलं नाही. ती म्हणाली, "काहून रे, ताईनं तुले लय आग्रह केला का?"

"लय," भाचा रडवेल्या आवाजात म्हणाला. "मी नाई म्हटलं तरी वाढे. आई, माझ्या पोटात मघापासून दुखून राहिलं."

"मग सांगितलं काहून नाई रे?"

"बाबा म्हणाले ना, मस्त बसून आहे."

जावईबापू एवढंच म्हणाले, "मूर्तिजापूर येऊन राहिलं. तिथे घेतो." फोन कापला गेला.

त्यानंतर मी एकदा आतल्या खाटेकडे आणि एकदा फोनकडे पाहत राहिलो. सलाईनचे थेंब मोजायची सवय मला आवरता आली नाही. मुलाचे ओठ कोरडे होते, डोळे अर्धे उघडे. बायको त्याच्या पायाचा अंगठा धरून उभी होती. मुलीला मी जवळ बसवलं. तिला मळमळतं का, असं इतक्यांदा विचारलं की शेवटी ती म्हणाली, "आता तुमच्या विचारण्यानं होऊन राहिलं."

अंधार पडता पडता बहिणीचा फोन आला. दवाखान्याच्या पायऱ्यांवरच भाच्याने उलटी केली होती, आत गेल्यावर आणखी. सलाईन लावलं होतं. अकोल्यापर्यंत थांबले असते तर रस्त्यात काय केलं असतं, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं म्हणे. मागून जावईबापू म्हणाले, "त्याईले सांग, बरं झालं परत फोन केला." मला थेट सांगितलं नाही. तेवढं पुरेसं होतं.

दोन्ही मुलांना रात्रभर दवाखान्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आमचा मुलगा घरी आला आणि त्याने आल्या आल्या बिस्किट मागितलं. ते मिळालं नाही, मऊ भात मिळाला, म्हणून तो चिडला. त्याचं चिडणं ऐकून बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली.

मुलीने मात्र आदल्या दुपारपासून धड काही खाल्लं नव्हतं. ताट वाढलं की म्हणायची, सगळ्यांचं होऊ द्या.

संध्याकाळी अकोल्याहून व्हिडिओ कॉल आला. भाचा उशीला टेकून बसला होता, हाताला अजून पट्टी. मुलगी पडद्यासमोर जायला तयार नव्हती. बायकोने तिला ओढून बसवलं. मग भाचा म्हणाला, "ताई, तुझे रोडगे कच्चे होते."

"तूच मागून मागून खाल्ले!"

"मी कुठी मागितले? तूच वाढले!"

"जवाई होतास तू!"

"मी नाई होत आता जवाई. पुढच्या वेळी तू हो."

मुलगी हसली. रविवारच्या दुपारनंतर पहिल्यांदा. बायकोने तेवढ्यात तिच्यासमोर ताट ठेवलं. तिने सवयीने माझ्याकडे आणि भावाकडे पाहिलं, आमची ताटं मांडली होती का ते. मांडली नव्हती.

"आधी तू," बायको म्हणाली. "आणि पुरे झालं की पुरे म्हण."

मुलीने एक पोळी खाल्ली, अर्धी आणखी घेतली आणि ताटावर हात आडवा धरला. बायकोने उचललेली उरलेली अर्धी पोळी परत डब्यात ठेवली.