तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्च्या

चार चादरींपैकी दोन पिळून झाल्या होत्या, दोन साबणाच्या पाण्यात तशाच होत्या, आणि घरात फोन वाजायला लागला. माझे हात कोपरापर्यंत फेसात. मागच्या व्हरांड्यात भाऊजी बुटांना पॉलिश करत बसले होते. "भाऊजी, फोन घ्या जरा," मी दोनदा ओरडले. ते आपले ब्रश फिरवतायत. शेवटी समोर जाऊन हाताने खूण केली, तेव्हा ते उठले.

मी परत बादलीकडे आले. आतून ऐकू येत होतं, "हो... हो... बरं... हो, ठीक आहे." फोन ठेवला.

"कोणाचा होता?"

उत्तर नाही. आत जाऊन पुन्हा विचारलं, तर माझ्याकडे बघून म्हणाले, "कुणी नाही हो. काहीतरी विकत होते."

त्या बुधवारच्या पानावर मी एवढंच लिहिलं: चादरी धुतल्या, फोन भाऊजींनी घेतला, विकणारे होते. रोज निजण्याआधी प्रार्थना करायची आणि दिवसभराचं चार ओळींत लिहायचं, ही माझी लग्नाआधीपासूनची सवय. आज मात्र चार ओळींत भागणार नाही.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. कापडाच्या कारखान्यात मागावर आहेत, सव्वीस वर्षं. लग्न जमलं नाही, पुढे पुढे त्यांनी जमू दिलं नाही. आमच्या मागच्या खोलीत राहतात. स्वतःचं ताट स्वतः घासतात, माझा स्टोव्ह बिघडला तर न सांगता दुरुस्त करतात. मला या घरात आल्या दिवसापासून भाऊ नसल्याची उणीव त्यांनी भासू दिली नाही.

त्यांचा एकच शौक, कंट्री गाणी, तिकडच्या गावाकडच्या माणसांची. कारखान्यात सुताची बंडलं घेऊन येणारा एक ट्रकवाला माल उतरेपर्यंत गाडीत टेप लावून बसायचा. त्याच्याकडून हा रोग लागला. गिटार, एक घोगरा आवाज आणि लांबच लांब रस्ता. त्यातल्या एका म्हाताऱ्या गायकाच्या चौदा कॅसेटी भाऊजींकडे आहेत. आमच्या ह्यांनी त्याचं नाव ठेवलंय घोगरेबुवा.

दीड महिन्यापूर्वी भाऊजी संध्याकाळी घरी आले ते खिशावर हात ठेवूनच. मी भाजी निवडत होते. समोर स्टूल ओढून बसले.

"वहिनी, घोगरेबुवा येतायत. आपल्या गावात. दोन तिकिटं काढली."

"दुसरं कुणाला?"

"दादाला विचारलं. दादा म्हणतो, ज्यावर पाय हलत नाही ते गाणंच नव्हे. मग तुम्ही चला."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं काही नसतंच. एक माणूस असतो. त्याची बायको सोडून जाते, कुत्रा मरतो, मग तो गाडी घेऊन निघतो."

"मग?"

"मग काय, गाडी बंद पडते."

आतल्या खोलीतून हे ओरडले, "आणि ढकलायला कुणी येत नाही! हे ऐकायला तिकीट कशाला? महिन्यातून दोनदा आपल्या दारात होतंच की!"

मी विचारलं, "पण भाऊजी, त्यात दारूचं फार असतं म्हणे."

"असतं. पण पुढच्याच कडव्यात देव असतो. त्या लोकांचं दोघांवाचून भागत नाही."

"मग मी पुढच्या कडव्याला कान उघडीन," मी म्हटलं. खूप हसले. तिकिटं दाखवली. रविवार, दुपारी चार. तिसरी रांग, उजव्या टोकाच्या दोन खुर्च्या.

"कडेला का हो? मधल्या नव्हत्या?"

"होत्या. खिडकीतली बाई म्हणत होती, मधल्या घ्या. मीच नको म्हटलं."

"अर्धाच बुवा दिसेल तुला," हे म्हणाले.

भाऊजींनी फक्त मान हलवली.

तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं ते आता सांगते. भाऊजींचा उजवा कान वर्षापूर्वीच गेला आहे. मागांच्या खात्यात एकावेळी ऐंशी माग चालतात, सूत नेणारे लाकडी धोटे इकडून तिकडे आपटत असतात. सव्वीस वर्षांत त्या आवाजाने आतलं सगळं झिजवलं. डावा कान थोडा शिल्लक होता, आणि तोही या हिवाळ्याच्या आत जाईल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते एकटेच गेले होते डॉक्टरांकडे. कुणालाही बोलले नाहीत. उरलेल्या कानाने त्या माणसाला एकदा समोर बसून ऐकायचं, एवढंच त्यांनी मनात धरलं होतं. उजव्या टोकाला बसलं की डावा कान रंगमंचाकडे होतो. कडेच्या खुर्च्या त्याच्यासाठी होत्या.

एका घरात राहून आम्हाला कळलं कसं नाही? याचं उत्तर त्यांच्या कामात आहे. त्या गोंगाटात कुणाचंच बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथले सगळे ओठांवरून बोलणं वाचतात. दहा माग पलीकडच्या माणसाशी हे लोक तोंडाने आवाज न काढता गप्पा मारतात, एकमेकांच्या सासूबद्दलसुद्धा. त्यामुळे समोरून बोललेलं भाऊजींना सगळं कळायचं, थट्टेसकट. पाठीमागून बोललेलं कळायचं नाही, आणि आम्ही म्हणायचो, वेंधळा आहे, तंद्रीत असतो.

परवा मी वर्षभराच्या वह्या काढून बसले. काय काय लिहून ठेवलंय मी, आणि तेही हसून! 'भाऊजी दुधाशेजारी उभे, दूध उतू गेलं तरी पत्ता नाही. ह्यांनी नाव ठेवलं दूधरक्षक.' 'मोरीतला नळ चालू ठेवून कामावर गेले, पाणी पार माझ्या प्रार्थनेच्या बैठकीपर्यंत.' 'आज सायकलवाल्याने घंटी वाजवून वाजवून शिव्या दिल्या, भाऊजी रस्त्याच्या मधोमध राजासारखे.' एक पान तर असं आहे की ते वाचून मी वही मिटूनच टाकली. मी आजारी होते, हे बाहेरगावी होते, रात्रभर पाण्यासाठी हाक मारली, भाऊजी आले नाहीत, आणि मी लिहिलंय, 'शेवटी परकं ते परकंच.' असं लिहिलं मी. ज्या माणसाने माझा भाऊ होऊन दाखवलं त्याच्याबद्दल.

रविवारी आम्ही तीन वाजताच निघालो. भाऊजींनी शर्टाला दोनदा इस्त्री केली होती. बुटांत तोंड दिसत होतं. ह्यांनी दारातून टोमणा मारला, "मुलगी बघायला चाललास का?" ते ऐकलं नाही त्यांनी, पाठ होती. मी हसले म्हणून तेही हसले.

वाटेत मला समजावत होते. पहिलं गाणं बहुतेक रस्त्याचं असेल. आईवरचं एक गाणं शेवटी ठेवतो, तेव्हा टाळ्या वाजवायच्या नाहीत, संपल्यावरही थोडं थांबायचं. "नाहीतर तुम्ही मध्येच वाजवाल."

"मी कशाला वाजवीन? मी देवाचं नाव घेत बसेन, तुमचा बुवा दारूचं म्हणाला तर."

"तो म्हणेलच. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. म्हणालाय की हा शेवटचा दौरा, यानंतर घराबाहेर पडायचं नाही."

सभागृहासमोर एकही माणूस नव्हता. मला वाटलं, लवकर आलो. फाटक अर्धं उघडं होतं. आत एक बाई लांब झाडूने अंगण झाडत होती. भिंतीवरचं मोठं चित्र निम्मं सोललेलं, घोगरेबुवांची टोपी आणि एक डोळा तेवढा राहिला होता.

मी विचारलं, "बाई, चारचा कार्यक्रम आहे ना?"

ती झाडू टेकवून उभी राहिली. "कुठला, त्या म्हाताऱ्याचा? तो शुक्रवारीच झाला की. त्याची तब्येत बरी नव्हती, त्याला लवकर परत जायचं होतं म्हणून दोन दिवस आधी घेतला, वेळ हीच, चारची. सगळ्यांना फोन केले होते."

मी म्हटलं, "आम्हाला नाही आला कुणाचा फोन. असं कसं करता तुम्ही लोक? माणसं दीड दीड महिना वाट बघतात!" चांगलीच तापले मी. तिने कार्यालयाची खिडकी दाखवली. तिथल्या कारकुनाने वही उघडली, बोट फिरवत खाली आला. आमचा नंबर होता. पुढे खूण होती. "बुधवारी सकाळी मीच बोललो. एका गृहस्थांनी घेतला. दोनदा विचारलं, शुक्रवारी जमेल ना? ते हो म्हणाले. नाही म्हणाले असते तर तिकिटं परत घेतली असती."

मी भाऊजींकडे वळले. ते कारकुनाच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना सगळं कळलं होतं, माझ्या आधी.

बाहेर येऊन पायरीवर बसले. मी समोर उभी राहिले. का कोण जाणे, शेजारी बसले नाही.

"भाऊजी, तुम्ही फोनवर काय ऐकलंत?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"फोनवर ओठ कुठे दिसतात वहिनी? नुसती गुणगुण येते. माशी डबीत कोंडल्यासारखी."

"मग हो कशाला म्हणालात?"

"सवय. खात्यात काही कळलं नाही की मान हलवायची. हो म्हटलं की माणूस समाधानाने जातो. नाही म्हटलं की थांबतो, पुन्हा सांगतो, मग त्याला कळतं." बुटावरची धूळ झटकत म्हणाले, "कळलं की मागावरून काढतात. बहिऱ्या माणसाला यंत्रापाशी उभं करत नाहीत."

मग एकेक करून सगळं सांगितलं. उजवा कान, डॉक्टर, हिवाळा. आवाज न चढवता, जणू दुसऱ्याच कुणाच्या खोलीच्या भाड्याबद्दल बोलतायत. मी म्हटलं, "कानाला यंत्र लावता येतं की." ते म्हणाले, "विचारलं. डॉक्टर म्हणाले, बोलणं मोठं होईल, गाणं नाही येणार. गाणं म्हणजे पत्रा ओढल्यासारखं येतं म्हणे."

मला शुक्रवार आठवला. दुपारी चारच्या सुमारास मी दोरीवरचे कपडे काढत होते. भाऊजी व्हरांड्यात आडवे पडलेले, टेप छातीवर, दोन्ही हात त्यावर. आवाज इतका मोठा की शेजारणीने खिडकी लावली. मी म्हटलं होतं, "छातीला गाणं ऐकवताय का?" त्यांचे डोळे मिटलेले होते. त्याच वेळी, घरापासून वीस मिनिटांच्या वाटेवर, तो माणूस गात होता. आणि तिसऱ्या रांगेच्या उजव्या टोकाला दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

त्या बाईने आमच्यापर्यंत झाडत आणलं होतं. ती म्हणाली, "चांगलं गायला हो. शेवटी सगळे रडले." सांत्वन म्हणून म्हणाली बिचारी. भाऊजी उठले, तिला जागा करून दिली.

घरी आल्यावर ह्यांना मी सांगितलं. आधी माझ्यावर चिडले, मग त्या कारकुनावर, मग भावासमोर जाऊन मोठमोठ्याने बोलायला लागले, "अरे, एवढं झालं तरी सांगायला काय झालं होतं तुला?"

भाऊजी म्हणाले, "दादा, ओरडू नकोस. नुसता उजेडात उभा राहा."

जेवणाच्या वेळी भावाच्या बाजूला असलेला दिवा ह्यांनी उचलून आपल्या तोंडासमोर ठेवला, आणि सबंध जेवणात एक शब्द सुचला नाही त्यांना.

त्या रात्रीपासून मला प्रार्थना नीट जमत नाही. कुणासाठीही मागायचं तर मुदत घालून मागते मी, अमुक होईपर्यंत असू दे, तमुक दिवस निभावून ने. भाऊजींच्या कानासाठी मागायची वेळ आली तेव्हा मला ठाऊकच नव्हतं, आणि आता कशापर्यंत मागू? म्हातारा पुन्हा यायचा नाही. देवाच्या मनात काय आहे त्यावर बोलणारी मी कोण. पण गुडघे टेकते आणि तशीच उठते.

परवा सकाळी मी त्यांच्या खोलीत चहा घेऊन गेले. कॅसेटी एका खोक्यात भरून ठेवल्या होत्या.

"हे स्वयंपाकघरात ठेवा वहिनी. काम करताना लावत जा."

"आणि तुम्ही?"

"डाव्यात आता गिटार येते, आवाज येत नाही. कालपासून."

हिवाळ्याला अजून दोन महिने आहेत. मी खोकं घेतलं नाही. तिथेच ठेवून आले, आणि ते चुकलंच माझं. दुपारी पाहिलं तर त्यांनी ते स्वतः उचलून आणून ओट्याखाली सरकवलं होतं.

काल खात्यात एक माग अडकला. पलीकडच्याने गोंगाटातही ऐकू जाते तशी शिट्टी मारली, पण भाऊजींची पाठ होती. धोटा उडून त्यांच्या कानाशेजारून गेला आणि भिंतीवर फुटला. त्यांना लागलं नाही. पण त्यांनी स्वतःच मुकादमाला जाऊन सांगितलं, मला ऐकू येत नाही, आज कुणी मेलं असतं. मुकादम त्यांच्याबरोबर वीस वर्षं काम करतोय. तो म्हणाला, मला ठाऊक होतं, तू सांगशील म्हणून थांबलो होतो. आता कागद दे.

उद्या सकाळी आठ वाजता भाऊजींना कारखान्याच्या कार्यालयात डॉक्टरांचा दाखला द्यायला जायचं आहे.