ब्रेक ऑइल म्हणायचं नाही

आमच्या घरात ‘ब्रेक ऑइल’ म्हणायला बंदी होती. अख्खी हुबळी म्हणते, धारवाड म्हणतं, दुकानदार तर म्हणतोच. पण आमचे अप्पा जन्मभर शाळेत विज्ञान शिकवत आलेले. “तेल नव्हे ते, द्रव. ब्रेकचा द्रव,” असं ते येईल त्याला सुधारायचे. मी त्यांची एकुलती एक लेक, हुबळीच्या कोर्टात वकील, त्यांना चिडवायला म्हणून मुद्दाम ऑइलच म्हणायचे.

अप्पा आणि आई धारवाडला, मी विद्यानगरात. अप्पांची एक जुनी लहानशी गाडी आहे. दर गुरुवारी ते ती घेऊन एकटे माझ्याकडे यायचे. मागच्या सीटवर आईने दिलेला डबा, पुढे स्वतः, इस्त्रीचा शर्ट घालून. चहा प्यायचे, माझ्या घराला नावं ठेवायचे आणि उजेडात परत जायचे. वय चौऱ्याहत्तर. आठवडाभर ते त्या गुरुवाराचीच वाट बघत असत, आणि खरं सांगायचं तर मीही.

गाडीच्या सर्व्हिसिंगचं मात्र मी माझ्याकडे घेतलं होतं. दोन-तीन वर्षांमागे अप्पा म्हणाले, “या खेपेला ब्रेकचा द्रव पूर्ण बदलून घे. दोन वर्षं होऊन गेली.” मी बॉनेट उघडून बघितलं, पातळी जराशीच खाली गेलेली. माळ्यावर एक अर्धी बाटली होती, कधी उघडलेली कुणास ठाऊक. तीच ओतली आणि खुणेपर्यंत भरलं.

“रंग बघितलास?” अप्पांनी विचारलं.

“चहासारखा आहे.”

“मग खराब झालाय. नवा असतो तेव्हा पिवळट, स्वच्छ असतो. आणि उघडी बाटली वापरायची नसते गं, हवेतलं पाणी ओढतो तो.”

“तेल कधी पाणी पितं का, अप्पा?”

“तेल नाहीच ते! चाळीस वर्षं हेच सांगतोय.”

पुढे महिनाभर दर गुरुवारी हाच प्रश्न. बदललास का? बदललास का? मला कोर्टाची कामं, जीव मेटाकुटीला आलेला. एकदा वैतागून म्हटलं, “हो, बदलला.” अप्पांनी पुन्हा विचारलं नाही. मग मीही विसरून गेले. इतकी विसरले, की खरंच बदलल्यासारखं मला वाटायला लागलं.

मागच्या हिवाळ्यात आम्ही तिघं कुलदेवीला गोव्याला निघालो. अप्पाच चालवत होते, मी शेजारी, आई मागे ओटीचं सामान मांडीवर घेऊन. अनमोडचा घाट उतरताना पुढे एक माल लादलेला ट्रक अगदी हळूहळू चाललेला, त्यामुळे अप्पांचा पाय सारखा ब्रेकवर. एका वळणाच्या अलीकडे ते म्हणाले, “ब्रेक लागत नाही.” वर्गात खिडकी लावायला सांगावं इतक्या शांतपणे. मग गियर खाली टाकले, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या मातीत घासत नेऊन थांबवली. आईच्या मांडीवरचा नारळ गडगडत माझ्या पायाशी आला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

त्या वेळी मी त्यांच्या पाया पडायला हवं होतं. पण माझं असं आहे, की घाबरले की मला राग येतो. अर्ध्या तासाने मी चालकाच्या जागेवर बसून ब्रेक दाबला. कडक. पुन्हा दाबला. कडक.

“ब्रेक उत्तम आहे. तुमचा पाय क्लचवर पडला असणार.”

“पाय ब्रेकवरच होता,” अप्पा म्हणाले. मग जरा थांबून, “द्रव बदलला होतास ना?”

“बदलला म्हटलं ना एकदा!”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. मी हात पुढे केला, त्यांनी किल्ली दिली. उरलेला घाट मी पहिल्या-दुसऱ्या गियरवर उतरवला आणि परत आल्यावर गाडी माझ्या अंगणात लावली. समोरच्याचं म्हणणं ऐकून न घेता निकाल देणाऱ्यांवर मी एरवी किती तोंडसुख घेते.

गुरुवार बंद झाले. बसने या म्हटलं तर “बघू” म्हणायचे. आईचे फोन यायचे, “बोलत नाहीत गं फारसे.” रविवारी मी धारवाडला जायचे तेव्हा अप्पा व्हरांड्यात पेपर वाचत असायचे. उजव्या पायाखाली विटेला तिरका टेकवलेला लाकडी पाट. पाय उचलायचे, बाजूला ठेवायचे, परत पाटावर आणून दाबायचे.

“पाय काय हलवताय सारखा?”

“रक्त फिरतं,” ते पेपरातून मान वर न काढता म्हणायचे.

मला वाटलं, असेल काही व्यायाम. गाडी आता विकूनच टाकू, असं मी मनात ठरवलं, आणि विकण्याआधी एकदा तपासून घ्यावी म्हणून गोकुळ रोडच्या एका गॅरेजात नेली. तिथला मिस्त्री माझ्याच वयाचा, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारा. ब्रेकच्या डबीत त्याने पेनासारखं एक यंत्र बुडवलं, तर त्यावर लाल दिवा.

“अक्कार, हे कधी बदललं होतं?”

इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मला आठवलं, की बदललंच नव्हतं.

“घाटात गेली होती का गाडी?” त्याने विचारलं.

“गेली होती. ऑइल तर भरलेलं होतं की.”

“इद एण्णी अल्लरी,” तो हसला. हे तेल नाहीच. “तेल असतं तर पाणी वेगळं राहिलं असतं. हे पाणी पोटात घेतं. घाटात ब्रेक तापले की ते पाणी उकळतं, वाफ होते. वाफेवर पाय देऊन काय उपयोग? पेडल सरळ खाली जातं. अर्ध्या तासाने थंड झालं की परत कडक.” मग त्याने विचारलं, “चालवत कोण होतं?”

“आमचे अप्पा.”

“आणि गाडी थांबवली? भारी माणूस की मग.”

त्याने डबीच्या टोपणावर छापलेला नंबर बघून त्याच नंबरचा सीलबंद डबा आणला, माझ्यासमोर उघडला आणि मला गाडीत बसवलं. स्वतः चाकापाशी वाकला. “ओत्रि,” म्हणाला की दाबायचं, “हिडीरि,” म्हणाला की धरून ठेवायचं, “बिडरि,” की सोडायचं. नळीतून जुनं काळपट बाटलीत पडत होतं. चारही चाकं होईपर्यंत माझी पोटरी भरून आली. शेवटी नळीतून स्वच्छ पिवळं आलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. कोर्ट सोडून मी गाडी घेऊन धारवाडला गेले आणि व्हरांड्यात उभ्याउभ्याच सांगितलं.

“अप्पा, तुमचा पाय ब्रेकवरच होता. द्रव मी बदललाच नव्हता. खोटं बोलले मी.”

त्यांनी पेपराची नीट घडी केली. “आता कुठला घातला?”

“टोपणावर आहे तोच. डॉट फोर.”

“सीलबंद?”

“माझ्यासमोर उघडला.”

“बरं,” म्हणाले आणि शर्ट बदलायला आत गेले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. आईने डबा भरला. अप्पा चालकाच्या जागेवर बसले, मी शेजारी. हुबळीच्या वाटेवर नवलूरच्या उतारावर त्यांनी ब्रेकवर हलकेच पाय ठेवला, आणि गाडीचा वेग कमी होत गेला.

“तो पाट,” ते समोर बघतच म्हणाले. “पाय चुकतोय का, ते रोज बघत होतो. खाली न बघता, शंभर वेळा. एकदाही चुकला नाही.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तू बदलला म्हणालीस. म्हणजे द्रव बरोबर होता. राहिला माझाच पाय.” त्यांनी गियर टाकला. “तू कशाला खोटं सांगशील, असं वाटलं.”