खाले थांब, वहिनी

फोन आला तेव्हा मी शहाद्याच्या स्टँडवर नाशिकच्या गाडीत चढतच होते. हातातल्या डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा होता, ताईंनी दवाखान्यातून हट्टाने मागितलेला. फोनवर माझे यजमान होते, ताईंचे थोरले भाऊ. म्हणाले, "तू येऊ नको… आम्हीच येतोय." त्याचा अर्थ डोक्यात शिरला तेव्हा गाडी निघून गेली होती. डबा मात्र हातात गरमच होता.

सुनंदाताई माझ्या नणंद. लोणखेड्याच्या शाळेत जन्मभर खेळाच्या बाई. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्याला त्या मैदानाला फेरी मारायला लावत. राहायच्या आमच्याच घरात. आमचं भांडण रोज व्हायचं आणि पटायचंही रोज. पोहायला त्या तापीत शिकलेल्या. निवृत्त झाल्या त्या वर्षी जेवताना एकदम म्हणाल्या, "वहिनी, समिंदरमा नाव चलावनी शे. चाल मन्हासंगे." ह्यांनी ताटातून मान वर न करता सुचवलं, "मग शेततळामा फिरा ना!" त्या चेष्टेचा राग म्हणून की काय, आम्ही दोघी खरोखरच अंदमानला गेलो.

कयाक म्हणजे लांबट, अरुंद नाव, दोघींपुरती. पुढे मी, मागे ताई, आणि वाटाड्या त्याच्या वेगळ्या नावेत. दिशा मागचा माणूस धरतो. मागे वळलं की तोल जातो, म्हणून वळून बघायचं नाही, अशी मला सक्त ताकीद होती. त्यामुळे त्या निळ्या पाण्याच्या आठवणीत ताईंचा चेहरा नाहीच, पाठीमागून येणारा आवाज तेवढा आहे. "डावीकडथून मार… वहिनी, तू वल्हं मारी ऱ्हायनी का कढी ढवळी ऱ्हायनी?" बेटाच्या कडेकडेनं जायचं, ऊन चढलं की वाळूवर उतरायचं, तंबू ठोकायचा, तीन दगडांवर खिचडी टाकायची. इतकी सुखाची खिचडी मी पुन्हा खाल्ली नाही.

पहिल्याच मुक्कामाला आम्ही खास तापीकाठची चूक केली. नावेचं नाक वाळूत रुतवलं आणि खुशाल जेवायला बसलो. आमची नदी काठाला लावलेली वस्तू जेवण होईस्तोवर उचलून नेत नाही. भरती आम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचलेली, तेवढीच. घास तोंडाशी नेताना बघते तर नाव तरंगत चाललेली. मी किंचाळले, "ताई, नाव गई!" ताई उठल्या आणि नावेकडे न जाता किनाऱ्यानं भलतीकडेच पळत सुटल्या. तापीत काही वाहून गेलं तर त्याच्यामागे पोहत नाहीत. पुढे, प्रवाहाच्या खालच्या अंगाला जाऊन उभं राहतात, वस्तू आपोआप हाताशी येते. घागरी, चपला, एकदा तर म्हशीचं पारडू ताईंनी असंच धरलेलं. कमरेएवढ्या पाण्यात हात पसरून त्या उभ्या राहिल्या आणि मलाही ओरडून म्हणाल्या, "खाले थांब, वहिनी! ती ईच!" येईलच म्हणे.

नाव बरोबर उलट्या बाजूला गेली. आमचा वाटाड्या ती ओढून घेऊन आला, पण हसता हसता त्याला धड वल्हवता येईना. ताई नखशिखांत ओल्या. चहूकडे बघितलं आणि अगदी गंभीरपणे मला विचारलं, "वहिनी, आठे खाले कथा शे?" समुद्रात खालचं अंग कुठलं, ते त्यांना खरंच कळेना.

ते ‘खाले थांब’ आमच्याबरोबर घरी आलं आणि घरचंच होऊन बसलं. चष्मा सापडेना, लाइट येईना, की ताई म्हणायच्या, "खाले थांब, ईच." पोटातलं दुखणं काय निघतंय याची वाट बघतानाही त्या हेच म्हणाल्या होत्या, आणि आलं ते नको तेच आलं. शेवटचं भेटले तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात मावून वर जागा उरत होती… मैदान गाजवणारा हात. मला आवरेना. तर मलाच म्हणाल्या, "रडू नको वं. तू खाले थांब. मी येसूच." मी विश्वास ठेवला. वेडी म्हणा हवं तर. म्हणून तर डबा घेऊन निघाले होते.

अस्थी जवळच्या प्रकाशा गावी तापीत सोडल्या. हे आणि गुरुजी घाटावर होते. मी कुणाला न सांगता घाटाच्या खालच्या अंगाला गेले आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिले. निदान फुलं तरी हाताला लागतील. पण पुढे आता बॅरेज आहे, पाणी अडवलेलं. फुलं टाकली तिथेच जरा गोल फिरली आणि थांबली. माझ्याकडे काहीही आलं नाही. भेटायला येणारे म्हणतात, ताई आपल्यातच आहेत. मला संताप येतो. कुठे आहेत? दाखवा ना!

दर सोमवारी मी प्रकाशाला जाते. ह्यांना वाटतं देवाला जाते. देवळाकडे मी वळतसुद्धा नाही, त्याच जागी पाण्यात उभी राहते. मागे वळून न बघायची सवय अजून गेलेली नाही. समोरच्या थांबलेल्या पाण्याकडे बघतच विचारते, "ताई, आठे खाले कथा शे?"

आणि पाठीमागून आवाज येईल म्हणून तशीच खाले थांबते.