देवाच्या नावानं मागितलेली खोली

भांडगावच्या धनगरवस्तीवर कुणी घर वाढवायला काढलं की आधी त्या माणसाला वेड लागतं आणि मग पाया खणला जातो. चांगदेव टेळेचं त्या वर्षी पहिलं झालं होतं, दुसऱ्याचा अजून पत्ता नव्हता. कुरकुंभच्या केमिकल कंपनीतून रात्रपाळी करून तो सकाळी सायकलवरून यायचा, सायकल भिंतीला टेकवायचा आणि चहाही न घेता घरामागं जायचा. तिथं आदल्या दिवशी त्यानं फक्कीनं, म्हणजे गवंडी आखणीला वापरतात त्या पांढऱ्या भुकटीनं, खोलीचा चौकोन काढलेला असायचा. तो चौकोन पायानं पुसायचा आणि दुसरा काढायचा. कोंबड्या पांढऱ्या पायांनी वस्तीभर हिंडायच्या, आणि कुठल्या घरची कोंबडी आहे हे कुणाला विचारावं लागायचं नाही.

घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. त्यात चांगदेव, त्याची बायको म्हाळसा, आई बानूबाई, दहावीला बसलेली मोनिका आणि धाकटा स्वराज. खंडोबाच्या घरी म्हाळसा आणि बानू या सवती, चांगदेवच्या घरी त्या सासू-सून, पण तिसऱ्याच्या कानाला त्यातला फरक कळत नसे. मागची जागा मोकळी होती. बोनस आलेला होता. तेवढ्यात एकच खोली होणार होती, तीही वर स्लॅब न घालता पत्र्यावर भागवून. म्हणून त्या एका खोलीवर घरातल्या प्रत्येकाचा डोळा होता. म्हाळसेला उभ्यानं स्वयंपाक करायला ओटा पाहिजे होता. मोनिकाला अभ्यासाला दार लावता येईल अशी जागा पाहिजे होती. बानूबाईला काहीच नको होतं, आणि तीच सगळ्यात मोठी अडचण होती.

"घर वाढिवलं की माणूस अडाकतो," ती म्हणायची. "आमी उभा जल्म आभाळाखाली काढला, काय बिघडलं आमचं?"

चांगदेवला काय पाहिजे होतं, ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याला झोप पाहिजे होती.

हसण्यासारखं वाटेल, पण ज्यानं पाळीची नोकरी केली नाही त्यालाच. एक आठवडा सकाळची पाळी, एक दुपारची, एक रात्रीची. शरीराला काही उमजेपर्यंत पाळी बदललेली. रात्रपाळी करून माणूस घरी येतो तेव्हा जग नुकतं तोंड धुऊन कामाला लागलेलं असतं. पुढच्या खोलीत टीव्ही, मागच्या खोलीत भांडी, दारापुढच्या कट्ट्यावर बानूबाईपाशी आलेल्या बायका, हायवेवर हॉर्न, आणि दहा वाजले की वरून पत्रा तव्यासारखा तापलेला. चांगदेव चादर तोंडावर घेऊन पडायचा. झोप येण्याआधी कुणीतरी यायचं. कित्येक वर्षं तो असा अर्धामुर्धा जागा होता, आणि अर्ध्या जागेपणी माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. तो म्हाळसेवर उगाच खेकसायचा, मग स्वतःलाच वाईट वाटायचं, मग त्या वाईट वाटण्यापायी पुन्हा खेकसायचा.

मग सरळ सांगायचं ना, तुम्ही म्हणाल. एकदा सांगून बघितलं होतं. चुलता तात्याबा, भावकीतला सगळ्यात थोरला, पिंपळाखाली बसला होता. चांगदेव नुसतं म्हणाला, "दिवसा झोप लागंना तात्या." तात्याबानं तपकिरीची डबी बंद केली आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दिवसा झोपतं त्ये एक आजारी, न्हाईतर एक पिलेलं. तू कशातला रं?" सगळे खो खो हसले. धनगराच्या पोरानं झोपेची तक्रार करायची म्हणजे माशानं पाण्याला नाक मुरडायचं. मेंढरामागं ज्यांच्या पिढ्या रात्र रात्र जागल्या, त्यांच्यात झोपेला खोली मागणारा हा पहिलाच निघाला असता. चांगदेवनं पुन्हा तोंड उघडलं नाही.

पण रेघा बोलायच्या. गवंडी रज्जाकभाई एकदा आखणी बघायला आला आणि चौकोनाभोवती फिरत राहिला.

"पश्चिमेला खिडकी न्हाई, उत्तरेला न्हाई, दार आतल्या अंगानं, भिंत दुप्पट जाड," तो म्हणाला. "चांगदेव, ही खोली हाय का कांद्याची वखार?"

"ऊन येऊ नये म्हणून," चांगदेव म्हणाला.

"आन् एवढी मोठी कशाला? कालपरीस दोन वीत वाढलीया."

"बारकी दिसाय लागली."

रज्जाकभाई हसला. जमिनीवर आखलेली खोली नेहमीच खुराड्याएवढी दिसते, भिंती चढल्या की तीच ऐसपैस होते, हे त्यानं आजवर शंभर जणांना सांगितलं होतं आणि एकानंही ऐकलं नव्हतं. चांगदेवनंही ऐकलं नाही. तो खोली वाढवायचा, मग विटा पुरणार नाहीत म्हणून कमी करायचा, मग भिंत जाड ठेवायची म्हणून आणखी कमी करायचा. म्हाळसा दारातून बघायची आणि म्हणायची, "तुमी रेघाच वडा. खोलीत आमची सून ऱ्हायला यील." त्यावर त्याला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

मग कंपनीत ती गोष्ट झाली. पहाटेची वेळ होती, पाळी संपत आलेली. चांगदेव रिअ‍ॅक्टरचं तापमान दाखवणाऱ्या काट्यापुढं स्टुलावर बसला होता. काट्यावर नजर ठेवायची, काटा लाल रेघेच्या जवळ आला की गार पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायचा, इतकंच काम. पुढचं त्याला आठवलं ते एवढंच, की बिहारचा रामसकल त्याचे दोन्ही खांदे धरून हलवत होता.

"भैया, काँटा देखो, काँटा. सो गये थे क्या?"

काटा लाल रेघेवर टेकला होता. दोघांनी मिळून व्हॉल्व्ह उघडला. काही झालं नाही. पण सुपरवायझरनं बघितलं होतं. तो ओरडलाही नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. "टेळे, पुन्हा असं दिसलं तर गेटच्या बाहेर," एवढंच तो म्हणाला. चांगदेव सायकल घेऊन निघाला. नोकरी गेली तर काय, हा विचार नंतरचा. त्या रिअ‍ॅक्टरच्या आसपास वीस माणसं होती, आणि आपले डोळे मिटले होते, हा पहिला.

आता खोली पाहिजेच होती, आणि लगेच पाहिजे होती. आईचा होकार मिळाल्याशिवाय टिकाव पडणार नव्हता, कारण जागा बानूबाईच्या नावावर होती. तिनं नाही म्हटलं की भावकी तिच्या बाजूनं. घरी आल्यावर चांगदेव तिच्यापुढं बसला. काय बोलायचं हे त्यानं ठरवलं नव्हतं. कोपऱ्यात लोखंडी ट्रंकेवर दुरडीत देवाचे टाक होते, त्याची नजर तिकडं गेली, आणि तोंडातून निघून गेलं, "आय, मागं बिरोबासाठी खोली बांधावी म्हणतो. देव किती दिस दुरडीत ठिवायचा?"

बानूबाई त्याच्याकडं बघत राहिली. तिचा चेहरा एवढा मऊ झालेला त्यानं कधी बघितला नव्हता.

"तुला ही बुद्धी झाली व्हय रं," ती म्हणाली. "बांध की मग."

म्हाळसेचा ओटा आणि मोनिकाचा अभ्यास जागच्या जागी गप्प झाले. देवापुढं कोण बोलणार?

आपण फार हुशारी केली असं चांगदेवला दोन दिवस वाटलं. खोली एकदा बांधून होऊ दे, एका कोपऱ्यात देव बसेल, उरलेल्या जागेत आपण पडू, असा त्याचा हिशेब. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. तात्याबानं विटांची ट्रॉली पाठवली होती, देवाच्या कामाला म्हणून. मग कुणी मुरूम आणून टाकला, कुणी सिमेंटची पोती आणली, एकानं केंदूरच्या आपल्या मेहुण्याकडून सागवानी चौकट आणली. ज्या विटांसाठी तो महिनाभर रेघा पुसत होता, त्या दाराशी येऊन पडल्या. आणि जसजसा ढीग वाढला तसतसं चांगदेवला त्या विटांकडं बघवेना. खोटं बोलून मिळालेली वस्तू परत देता येते; खोटं बोलून मिळालेल्या विटा कुणाच्या डोक्यावर परत ठेवणार?

नकाशाही त्याच्या हातातून गेला. दार पूर्वेला पाहिजे, तात्याबा म्हणाला. सकाळचं ऊन देवाच्या पायावर पडलं पाहिजे. देव्हारा मधोमध पाहिजे, बानूबाई म्हणाली. चांगदेवनं फक्कीनं देव्हारा कोपऱ्यात आखून बघितला, मागं माणूस आडवा होईल एवढी जागा ठेवली.

"हिथं काय?" बानूबाईनं काठीनं दाखवलं.

"जरा टेकायला."

"देवाच्या पाठीमागं कुनी टेकतं व्हय?" ती म्हणाली, आणि पदराच्या टोकानं नव्हे, सरळ पायानं रेघ पुसली.

त्या आठवड्यात रात्रपाळी होती. तो दिवसा पडायचा, उठायचा, मागं जाऊन आखणी बघायचा, परत येऊन पडायचा. स्टुलावर बसायचं त्यानं सोडून दिलं होतं. काट्यापुढं रात्रभर उभा राहायचा आणि मांडीला चिमटे घ्यायचा.

रविवारी भावकी जमली. रविवार बिरोबाचा वार, त्या दिवशी टिकाव मारायचं ठरलं होतं. चांगदेव पाळीवरून येऊन नुसता अंघोळ करून उभा राहिला होता. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. रज्जाकभाई दोरी आणि फक्कीचं घमेलं घेऊन बाजूला थांबला. बायका घराच्या सावलीला, पुरुष विटांच्या ढिगावर.

तात्याबानं वाटीतला भंडारा घेतला आणि चांगदेवच्या उजव्या तळहातावर ठेवला. त्यावर बेलाचं पान ठेवलं. त्या भावकीची रीतच होती, देवाला जागा द्यायची तर घरधन्यानं हातावर भंडारा घेऊन चारचौघांत ते बोलून दाखवायचं. ही रीत चांगदेवला लहानपणापासून ठाऊक होती. आणि देवाचं नाव पुढं करताना नेमकी हीच तो विसरला होता.

"म्हन," तात्याबा म्हणाला, "ही जागा देवाची, हिच्यात माझं काय न्हाई."

हातावर पिवळाधमक भंडारा होता. बेलभंडारा उचलून खोटं बोललेल्या माणसाच्या गोष्टी त्यानं लहानपणी ऐकल्या होत्या, पण त्या क्षणी त्याला देवाची भीती वाटली नाही. त्याला एवढंच कळलं की हे वाक्य बोललं की ते खरं होणार. मग आयुष्यभर काट्यापुढं उभं राहायचं.

"म्हन की रं," तात्याबा म्हणाला.

"मला बोलता येत न्हाई, तात्या," चांगदेव म्हणाला. "देवाचं नाव मी उगीच घेतलं. ही खोली मला झोपाय पायजे. मला झोप न्हाई. कंपनीत माझा डोळा लागला, माणसं मेली असती. मला दिवसा झोपाय जागा पायजे, आनिक कायबी नको."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. विटांवर बसलेला एकजण उठून उभा राहिला, जणू बसलेल्या जागेचाच त्याला विटाळ झाला. म्हाळसा नवऱ्याकडं बघत होती. एवढ्या वर्षांत हा आपल्यावर का खेकसत होता, ते तिला आत्ता समजलं, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

बानूबाई काठी टेकत पुढं आली. आता हिच्या काठीचा मार बसणार, असं चांगदेवला वाटलं आणि त्यानं मान खाली घातली.

"तात्याबा," ती दिराला म्हणाली, "ह्येचा बा कसा गेला?"

"ट्रकखाली गेला. समद्या गावाला म्हाइत हाय."

"ट्रकवाल्यानं लई हॉरन दिला. म्या मागं व्हते, म्या बगितलं. त्ये चालता चालता झोपलं व्हतं. मेंढरं रस्त्याच्या कडंला गेली, आन् त्ये तसंच पुढं चालत गेलं." तिचा आवाज कुठंही चढला नाही. "तवापासनं दातखीळ बसल्यावानी गप हाय मी. धनगर झोपंत मेला, आसं कुठल्या तोंडानं सांगू?"

चांगदेवचा बाप तात्याबाचा चुलतभाऊ, पण सख्ख्यासारखा होता. तात्याबा एवढंच म्हणाला, "विटा देवाच्या नावावं आल्यात, वहिनी."

"देवाला दारातल्या लिंबाखाली कट्टा बांधा. उघड्यावरचा देव हाय त्यो, त्येला भिंती कशाला? उरतील त्येवढ्यात ह्येची खोली हू द्या."

"केवढी काढू मग, आजी?" रज्जाकभाईनं विचारलं. "लांबी-रुंदी सांगा."

बानूबाईनं लेकाच्या हातावरचा भंडारा बोटानं उचलून त्याच्या कपाळाला लावला. मग काठीनं जमीन दाखवली.

"निज हिथं," ती म्हणाली. "बगू दे किती जागा लागती त्ये."

भावकीपुढं, भर उन्हात, चांगदेव मातीवर आडवा झाला. त्याला लाज वाटत होती. त्यानं डोळ्यांवर हात घेतला. रज्जाकभाई त्याच्या डोक्याकडून रेघ ओढत निघाला, हात पसरायला जागा सोडत, कूस बदलायला जागा सोडत. पायाच्या टोकाला वळून तो दुसऱ्या बाजूला आला आणि थांबला.

चांगदेवचा डोळ्यांवरचा हात घसरून मातीत पडला होता. त्याला झोप लागली होती.

तात्याबानं तोंडावर बोट ठेवून पोरांना मागं सारलं. बानूबाई लेकाच्या डोक्याशी बसली आणि पदर पसरून तिनं त्याच्या तोंडावर सावली धरली. शेवटची रेघ ओढायची राहिली होती. ती रेघ बानूबाई बसली होती तिथूनच जात होती, म्हणून रज्जाकभाई घमेलं खाली ठेवून सावलीला जाऊन बसला.