अंतरकाका आणि सगळ्यात जवळचे पाच

हरवलेल्या माणसाचे नातेवाईक आले की अंतरकाका चपला काढून भिंतीला टेकून ताठ उभे राहत. "तुमचा माणूस माझ्या कुठवर येतो?" आया त्यांच्या कानावर, नाहीतर भुवईवर बोट ठेवत. वय विचारलं की उत्तर यायचं, "भूकंपात रांगत हुता." तेही त्यांना चालायचं.

नळदुर्गला हायवेलगतच्या आमच्या छोट्या संस्थेत ते कॉम्प्युटर सांभाळत. एका तक्त्यात हरवलेली माणसं. त्यात ट्रकवर कामाला जाऊन परत न आलेला त्यांचा धाकटा भाऊ शिवाही होता. दुसऱ्यात चेहरा ओळखू न येणाऱ्या बेवारस मयतांच्या नोंदी. उंची, वय, दात, जुनी जखम, प्रत्येक रकान्यातला फरक मोजून ते दोघांमधलं एकच ‘अंतर’ काढत. सगळ्यात कमी अंतराचे पाच जण पडद्यावर येत.

उंचीचा आकडा मोठा, म्हणून ती बाकीच्यांवर दादागिरी करते, अशी त्यांची तक्रार असे. मग ते हिशेबातलं तिचं वजन कमी करत आणि मोडलेल्या हाडाचं वाढवत.

उद्घाटनाच्या पाहुण्यांनी, हे यंत्र माणूस शोधून देणार, असं जाहीर केलं आणि शाल घेऊन ते गेले. काका पुटपुटले, "ह्याला कुणाचंबी वर्णन द्या, कुणीतरी जवळचा निघतोच. जवळचा म्हंजे तोच न्हाय."

म्हणून त्यांनी मर्यादा घातली होती. अंतर तिच्यापुढे गेलं की पडदा कोरा. अणदूरची एक बाई चिडली, "कुणीच न्हाय म्हंजे काय वो काका? एक तरी दावा की!"

"उगं कुणाला तरी दावून पाप कशाला घिऊ, ताई?"

भावापुढेही पडदा कोराच राही. कळंबला त्यांची आई अंथरुणाला खिळली होती. फोनवर तिचं एकच, "त्याचं दहावं झाल्याबिगर माझा जीव जायचा न्हाय रं."

एका दुपारी त्यांनी मर्यादा काढून टाकली. पाच जण आले. पहिला भावापेक्षा चार बोटं उंच. भावाचा डावा हात मोडलेला, याचा उजवा.

"ह्योच आमचा शिवा," काका म्हणाले.

"काका, अंतर बघा की," मी म्हटलं.

"बघितलंय म्या."

दहावं झालं. आठवड्याभरात आई गेली. काका परत कामावर आले नाहीत. जाण्याआधी त्यांनी मर्यादा मात्र पुन्हा घातली होती. त्या मयताच्या नोंदीपुढे आता ‘ओळख पटली’ असं लागलंय, आणि ओळख पटलेला माणूस शोधात येत नाही. तो ज्यांचा कुणाचा असेल ते कधीतरी येतील, आणि आम्ही त्यांना कोरा पडदा दाखवू.